पाच जणांची एक चाचणी

विषाणूचा संसर्ग शोधताना अनेक जणांचे नमुने थोडे थोडे घेऊन एकत्र मिसळायचे आणि त्या मिश्रणाची एकच चाचणी करायची, या पद्धतीला पूल टेस्टिंग म्हणतात. मिश्रणात विषाणू सापडला नाही, तर त्या गटातले सगळे जण एका चाचणीत निगेटिव्ह ठरतात. सापडला, तर प्रत्येकाचा राखून ठेवलेला नमुना स्वतंत्रपणे तपासला जातो. कल्पना एवढीच आहे. ती केव्हा फायद्याची आणि केव्हा तोट्याची, हे मात्र एकाच गोष्टीवर ठरते: तपासल्या जाणाऱ्या लोकांत रोग किती पसरलेला आहे.

एक उदाहरण घेऊ. कसाल हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळ तालुक्यातले मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. इथून मालवणचा रस्ता फुटतो आणि जिल्ह्याचे मुख्यालय असलेले ओरोस इथून जवळच आहे. समजा, बाहेरगावाहून आलेल्या १०० जणांचे स्वॅब कसालमध्ये घेतले आणि त्यांत एकच जण बाधित आहे. प्रत्येकाची वेगळी चाचणी केली तर १०० चाचण्या लागतील. पाच-पाच जणांचे २० गट केले तर पहिल्या फेरीत २० चाचण्या होतील. १९ गट निगेटिव्ह येतील, एक पॉझिटिव्ह येईल आणि त्यातल्या पाच जणांच्या आणखी पाच चाचण्या कराव्या लागतील. एकूण २५. रसायने, किट, यंत्राचा वेळ आणि कर्मचाऱ्यांचे तास यांतला बराचसा भाग वाचला, आणि एकाही माणसाचा अहवाल अंदाजाने द्यावा लागला नाही.

आता याच १०० जणांत बाधितांचे प्रमाण वाढवून पाहिले की पद्धतीचा स्वभाव कळतो. पाचांचेच गट ठेवून २ टक्के बाधित असतील तर सरासरी ३० चाचण्या लागतात, ५ टक्के असतील तर ४३, १० टक्के असतील तर ६१. बाधित २० टक्क्यांवर गेले की ८७ चाचण्या, म्हणजे वाचतात जेमतेम १३. आणि ३० टक्क्यांवर १०३ लागतात, म्हणजे सरळ एकेक तपासले असते तर कमी काम झाले असते. कारण उघड आहे. रोग दाट असला की जवळजवळ प्रत्येक गटात कोणीतरी बाधित निघतो, प्रत्येक गट पुन्हा फोडावा लागतो आणि पहिल्या फेरीची मेहनत फुकट जाते. गटाचा आकार कितीही बदलला तरी प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांच्या वर गेले की ही दोन फेऱ्यांची पद्धत कधीच परवडत नाही.

उलट बाजूला, रोग विरळ असेल तर गट मोठे करता येतात. १ टक्का बाधितांसाठी ११ जणांचा गट सर्वांत किफायतशीर ठरतो आणि १०० जणांमागे सुमारे २० चाचण्या पुरतात. हजारात एक जण बाधित असेल तर ३२ जणांच्या गटात १०० जणांमागे सहा-सात चाचण्या पुरतात. प्रमाणाचे वर्गमूळ काढून त्याने १ ला भागले की गटाचा योग्य आकार साधारण मिळतो. १ टक्का म्हणजे ०.०१, त्याचे वर्गमूळ ०.१, म्हणून गट दहाच्या आसपास.

हे गणित प्रथम मांडले रॉबर्ट डॉर्फमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने, १९४३ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात लाखो तरुणांची भरती चालू होती आणि प्रत्येकाचे रक्त सिफिलिससाठी तपासले जात होते. बहुतेकांचा निकाल निगेटिव्ह येणार हे आधीच माहीत असताना प्रत्येक रक्ताची वेगळी चाचणी करणे डॉर्फमनना वाया गेलेले श्रम वाटले. ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स’ या नियतकालिकात त्यांनी काही पानांचा लेख लिहिला, आणि आज जगभर वापरली जाणारी सूत्रे त्या लेखातली आहेत. गंमत अशी की ज्या कामासाठी ती काढली त्या कामात ती रुजली नाहीत. त्या काळची रक्तचाचणी इतकी संवेदनशील नव्हती. अनेकांच्या रक्तात मिसळलेले एका बाधिताचे रक्त पातळ झाले की तिला खूण सापडण्याची खात्री उरत नसे. गणित बरोबर होते, पण चाचणी तेवढी सक्षम नव्हती. ती अडचण दूर झाली पीसीआर आल्यावर.

पीसीआर विषाणूचा जनुकीय अंश नकलून वाढवते. प्रत्येक आवर्तनात नकलांची संख्या साधारण दुप्पट होते, आणि ती यंत्राला दिसेल एवढी होण्यास किती आवर्तने लागली तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. विषाणू भरपूर असेल तर ती लहान, नाममात्र असेल तर मोठी. कोविडच्या काळात आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३५ ही सीमा धरली होती. एकाचा नमुना पाच जणांत मिसळला की विषाणू पाचपट पातळ होतो आणि सीटी व्हॅल्यू सुमारे २.३ ने वाढते. दहा जणांत मिसळला तर ३.३ ने, ३२ जणांत मिसळला तर बरोबर ५ ने. म्हणजे ज्याची सीटी २२ आहे असा माणूस पाचांच्या गटात २४ च्या आसपास दिसेल आणि सहज पकडला जाईल. ज्याची ३३ आहे तो ३५ च्या पलीकडे जाईल आणि निसटेल.

निसटणाऱ्यांचे मोल दोन प्रकारचे असते. संसर्ग उतरणीला लागलेल्या माणसाच्या घशात नाममात्र अंश उरलेले असतात. तो सुटला तर साथीवर फारसा परिणाम होत नाही. पण नुकताच बाधित झालेला माणूसही पहिल्या एक-दोन दिवसांत तितकाच कमी विषाणू दाखवतो, आणि तो सुटला तर पुढचे काही दिवस तोच सर्वांत धोक्याचा असतो. चाचणी नमुना घेतला त्या क्षणाबद्दल सांगते, पुढच्या आठवड्याबद्दल नाही. म्हणून मोठ्या गटात एकदाच तपासण्यापेक्षा छोट्या गटांत ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा तपासणे हितकारक ठरते, आणि वाचलेल्या किटचा तोच सर्वांत चांगला उपयोग.

प्रयोगशाळेच्या टेबलावर हे काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. स्वॅबची काडी तीन मिलिलिटर गुलाबी द्रवाच्या नळीत बुडवून येते. या द्रवाला व्हीटीएम म्हणतात; विषाणू शाबूत राहावा म्हणून तो असतो. जैवसुरक्षा कपाटापुढे बसलेला तंत्रज्ञ पाच नळ्या उघडतो, प्रत्येकीतून पिपेटने २०० मायक्रोलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम पंचविसावा भाग इतका द्रव, एका नव्या नळीत घालतो. दर वेळी पिपेटचे टोक बदलायचे, नाहीतर एकाचा विषाणू दुसऱ्याच्या मूळ नळीत जाईल आणि पुढची सगळी शहानिशा बिघडेल. नव्या नळीवर गटाचा क्रमांक, वहीत त्या गटातल्या पाचांचे क्रमांक, आणि मूळ पाच नळ्या त्याच ओळीत थंड कपाटात परत. गट पॉझिटिव्ह आला तर त्या पाच नळ्या चुकीशिवाय सापडल्या पाहिजेत. किट वाचतात, पण पिपेट चालवणाऱ्या हाताचे आणि नोंद ठेवणाऱ्या डोक्याचे काम वाढते. पूल टेस्टिंगच्या हिशेबात हा खर्च बहुतेक वेळा मोजला जात नाही, आणि तो न मोजणे ही मोठी चूक आहे. थकलेल्या कर्मचाऱ्याकडून मध्यरात्री झालेली एक अदलाबदल पाच घरांना चुकीचा निकाल देऊ शकते.

नमुने मिसळण्याची दुसरी जागा म्हणजे थेट स्वॅब घेतानाच. दहा जणांच्या काड्या एकाच नळीत बुडवायच्या, असा प्रकार चीनने मोठ्या प्रमाणावर वापरला. नळ्या वाचतात, प्रयोगशाळेतले मिसळण्याचे काम वाचते. पण गट पॉझिटिव्ह आला की राखून ठेवलेला नमुना कोणाचाच नसतो. दहाही जणांना पुन्हा बोलावून पुन्हा स्वॅब घ्यावा लागतो. शहरातल्या एका इमारतीत हे जमेल. कोकणातल्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असतात. सकाळी आरोग्य केंद्रात येऊन गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला दोन दिवसांनी पुन्हा एसटीने यायला सांगणे सोपे नाही. इथे मिसळण्याचे काम प्रयोगशाळेतच झालेले बरे.

कोविड आला तेव्हा, जानेवारी २०२० मध्ये, देशात या विषाणूची चाचणी करणारी एकच प्रयोगशाळा होती, पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. पुढे प्रयोगशाळा झपाट्याने वाढल्या, तरी किटचा तुटवडा होताच, कारण बरीचशी रसायने परदेशातून यायची. १३ एप्रिल २०२० रोजी आयसीएमआरने पूल टेस्टिंगबद्दल सूचना काढल्या. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत पाच-पाच नमुने मिसळून अभ्यास झाला होता, त्यावर त्या आधारलेल्या होत्या. गटात जास्तीत जास्त पाच नमुने. बाधितांचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी असलेल्या भागात ही पद्धत वापरायची. २ ते ५ टक्के असेल तर फक्त लक्षणे नसलेल्यांच्या सर्वेक्षणासाठी. ५ टक्क्यांच्या वर असेल तर वापरायची नाही. बाधिताच्या थेट संपर्कात आलेल्यांचे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे नमुने मिसळायचे नाहीत, कारण त्यांच्यात संसर्गाची शक्यता आधीच जास्त. पहिल्या परिच्छेदांतले आकडे पाहिले तर गणिताने २० टक्क्यांपर्यंतही थोडी बचत होते. तरीही परिषदेने रेषा ५ टक्क्यांवर ओढली. काळ बघता ते योग्यच होते: प्रमाणाचा अंदाज स्वतःच कच्चा होता, आणि तो चुकला तर बचत उलटी फिरणार होती.

त्याच महिन्यात महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यात पूल टेस्टिंग सुरू करण्याचे सूतोवाच केले. पण राज्याचे चित्र एकसारखे नव्हते. मुंबई आणि पुण्यात संसर्ग इतक्या वेगाने चढत होता की अनेक वस्त्यांत पूल टेस्टिंगचा विचार करण्यातही अर्थ नव्हता. दुसऱ्या टोकाला सिंधुदुर्ग होता. मेच्या सुरुवातीला केंद्राने संसर्गाच्या तीव्रतेनुसार जिल्ह्यांचे रंग ठरवले, तेव्हा उस्मानाबाद, वाशिम, गोंदिया, गडचिरोली आणि वर्धा यांच्यासोबत सिंधुदुर्ग हिरव्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित यादीत होता. कागदावर पाहिले तर गट करून तपासण्यासाठी याहून योग्य जिल्हा शोधून सापडला नसता. आणि चाचण्यांची टंचाई इथेच जास्त होती. जिल्ह्यात आरटी-पीसीआरची सोय नव्हती, स्वॅब मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जात होते, घाट ओलांडून. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात प्रयोगशाळा सुरू झाली ती त्या वर्षीच्या पावसाळ्यात.

मेमध्येच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने परतणारे स्थलांतरित, परदेशातून येणारे आणि हिरव्या जिल्ह्यांतले लोक यांच्यासाठी २५ नमुन्यांच्या गटाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. हिरव्या जिल्ह्यातल्या रहिवाशांसाठी २५ चा गट समजण्यासारखा आहे. परतणाऱ्यांचे मात्र वेगळे. त्याच दिवसांत मुंबईतून चाकरमानी गावी येऊ लागले होते; पास काढून, खासगी गाड्यांनी, नाक्यानाक्यावर तपासणी देत. हे लोक सिंधुदुर्गच्या हद्दीत उभे होते, पण त्यांच्यातले संसर्गाचे प्रमाण सिंधुदुर्गचे नव्हते. ते ज्या चाळीतून आणि ज्या वस्तीतून आले तिथले होते. जिल्ह्याचा रंग पाहून गट ठरवणे इथे चुकते. २५ च्या गटात ५ टक्के बाधित असतील तर दर चार गटांतले जवळपास तीन पॉझिटिव्ह येतात आणि १०० जणांमागे सुमारे ७६ चाचण्या लागतात. पाचांच्या गटात हेच काम ४३ मध्ये झाले असते. प्रमाण पाहायचे ते माणसांचे, नकाशावरच्या रंगाचे नाही.

गट कोणाचा करायचा, हा प्रश्न गटाच्या आकाराइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याच्याकडे कमी लक्ष जाते. आत्तापर्यंतच्या गणितात गृहीत धरले आहे की बाधित लोक यदृच्छया विखुरलेले आहेत. खऱ्या आयुष्यात संसर्ग घरातून घरात जातो. पुन्हा कसालचे १०० जण घेऊ: पाच-पाच माणसांची २० कुटुंबे, आणि एकाच घरात तिघे बाधित. नोंदवहीत नावे ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने गट केले आणि ते तिघे तीन वेगळ्या गटांत पडले, तर २० अधिक १५, म्हणजे ३५ चाचण्या लागतील. एक घर म्हणजे एक गट असे ठरवले, तर २५. आणि फायदा फक्त संख्येचा नाही. घरातल्या तिघांपैकी एकाच्या घशात तरी विषाणू भरपूर असण्याची शक्यता मोठी असते, त्याच्यामुळे गट हमखास पॉझिटिव्ह येतो, आणि ज्याचा नमुना एकटा गटात पडता तर निसटला असता तो घरातला माणूसही दुसऱ्या फेरीत सापडतो. एका गाडीतून आलेले, एका खोलीत राहणारे, एका होडीवरचे खलाशी यांना एका गटात ठेवणे याच कारणाने शहाणपणाचे. त्यासाठी स्वॅब घेताना कोण कोणाबरोबर राहतो एवढे विचारून लिहून ठेवले म्हणजे पुरते. खर्च काहीच नाही.

डॉर्फमनच्या पद्धतीत दोन फेऱ्या लागतात, आणि दुसऱ्या फेरीत वेळ जातो. गट पॉझिटिव्ह आलेला माणूस आणखी एक दिवस विलगीकरणात, शाळेच्या वर्गखोलीत, निकालाची वाट पाहत राहतो. एकाच फेरीत निकाल लागावा म्हणून नमुने चौकटीत मांडण्याची युक्ती आहे. २५ नमुने पाच ओळी आणि पाच स्तंभांत मांडायचे, प्रत्येक ओळीचा एक गट आणि प्रत्येक स्तंभाचा एक गट, म्हणजे दहा चाचण्या. तिसरी ओळ आणि चौथा स्तंभ पॉझिटिव्ह आले तर बाधित कोण ते लगेच कळते. दोन जण वेगळ्या ओळींत आणि वेगळ्या स्तंभांत बाधित असले तर मात्र दोन ओळी आणि दोन स्तंभ पॉझिटिव्ह येतात, चार जागांवर संशय जातो आणि खरे दोन कोण ते कळत नाही. तिरक्या रेषांचे गटही केले, म्हणजे प्रत्येक नमुना तीन गटांत गेला, की हा घोळ सुटतो.

मुंबईच्या पवईत आयआयटीमध्ये मनोज गोपालकृष्णन, अजित राजवाडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०२० मध्ये याच वाटेने जाणारी ‘टॅपेस्ट्री’ नावाची पद्धत विकसित केली. तीत प्रत्येक नमुना तीन गटांत जातो, आणि कुठलेही दोन नमुने एकापेक्षा जास्त गटांत एकत्र येत नाहीत. अशी मांडणी कशी करायची याचे उत्तर १७० वर्षे जुन्या कोड्यात होते. थॉमस कर्कमन या इंग्लंडमधल्या पाद्र्याने १८५० मध्ये विचारले होते की १५ मुली सात दिवस रोज तिघी-तिघींच्या रांगेत फिरायला निघतात. कुठल्याही दोघी एकाच रांगेत दोनदा येऊ नयेत असे कसे बसवायचे? मुलींच्या जागी गट आणि तिघींच्या रांगेच्या जागी एक नमुना ठेवला की टॅपेस्ट्रीचा आराखडा तयार होतो.

या पद्धतीची खरी ताकद दुसऱ्या गोष्टीत आहे. डॉर्फमनच्या हिशेबात गट पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह, एवढीच माहिती वापरली जाते. पण आरटी-पीसीआर गटात विषाणू किती आहे हेही सांगते, आणि ती माहिती फेकून देणे म्हणजे हाती आलेले उत्तर अर्धेच वाचणे होय. एका गटात विषाणू जास्त, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात मध्यम, असे सगळे आकडे समीकरणांत घातले आणि बहुतेक लोक निरोगी आहेत ही जाण त्यात मिसळली, की अज्ञात संख्या समीकरणांपेक्षा कितीतरी जास्त असूनही उत्तर काढता येते. एमआरआयच्या यंत्रात कमी मोजमापांवरून पूर्ण चित्र उभे करण्यासाठी वापरले जाणारे गणित हेच. टॅपेस्ट्रीच्या लेखात ९६१ नमुन्यांसाठी ९३ चाचण्यांची मांडणी दिलेली आहे. ९६१ म्हणजे ३१ गुणिले ३१; तीन दिशांनी ३१-३१ गट. अर्थात ९६१ नमुन्यांतला प्रत्येक तीन नळ्यांत हाताने न चुकता घालणे हे माणसाच्या आवाक्यातले काम नव्हे. तिथे यंत्रमानवी पिपेट किंवा निदान पडद्यावर पुढची नळी दाखवणारे अ‍ॅप लागते. जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेसाठी पाचांचा साधा गटच जास्त भरवशाचा.

जगातही ही पद्धत नाना प्रकारे वापरली गेली. रवांडात लिओन मुतेसा आणि विल्फ्रेड एनडिफॉन यांच्या चमूने नमुने अनेक मितींच्या घनात मांडण्याची पद्धत वापरली. वुहानमध्ये १४ मे ते १ जून २०२० या काळात सुमारे ९९ लाख लोकांची तपासणी झाली, त्यातली काही नमुने एकत्र करून.

महाराष्ट्रात या पद्धतीची मुळे कोविडच्या बरीच आधीची आहेत, आणि ती पुण्यात आहेत. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतले रमेश परांजपे, संजय मेहेंदळे, डी. ए. गाडकरी आणि अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले थॉमस क्विन, रॉन ब्रुकमायर यांनी २००० साली ‘एड्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता: एचआयव्हीची नेहमीची चाचणी रक्तातली प्रतिपिंडे शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्या आठवड्यांत माणसाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, तो दुसऱ्याला सहज लागतो, आणि चाचणी मात्र निगेटिव्ह येते. विषाणूचा आरएनए थेट शोधणारी चाचणी तेव्हा इतकी महाग होती की प्रत्येक निगेटिव्ह नमुन्यावर ती करणे अशक्य होते. पुण्याच्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या, प्रतिपिंडे निगेटिव्ह असलेल्या लोकांचे रक्तद्रव एकत्र करून ही महाग चाचणी परवडते, हे या अभ्यासाने दाखवले. त्यातून दुहेरी लाभ झाला. नुकताच बाधित झालेला माणूस सापडतो, आणि अशा माणसांच्या संख्येवरून समाजात नवे संसर्ग किती वेगाने होत आहेत याचाही अंदाज बांधता येतो. जुने-नवे सगळे रुग्ण मोजून हे कळत नाही.

रक्तपेढ्यांतला प्रश्न जवळपास हाच. दात्याचे रक्त प्रतिपिंडांच्या चाचणीत निगेटिव्ह येऊनही त्यात विषाणू असू शकतो. जर्मनीच्या रेडक्रॉसने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ९६ दात्यांपर्यंतचे नमुने एकत्र करून जनुकीय चाचणी सुरू केली. हल्ली अनेक रक्तपेढ्यांत ही चाचणी लहान गटांत किंवा एकेकट्या नमुन्यावर होते. इथे वाद आहे तो हिशेबाचाच: गट मोठा केला तर खर्च उतरतो, पण पातळ झालेला एखादा नमुना निसटून ते रक्त रुग्णाच्या शिरेत जाऊ शकते.

आणि सिंधुदुर्गात हे तंत्र माणसांऐवजी गोचिडांवर चालते. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, ज्याला लोक माकडताप म्हणतात, हा विषाणूजन्य ताप १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात, केर आणि आसपासच्या गावांत, दिसला. पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसरातही रुग्ण निघाले. हा रोग गोचिडांच्या पिल्लांमार्फत पसरतो. हिवाळा सरता सरता ती जंगलात वाढू लागतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत माणसे काजू वेचायला, लाकूडफाटा आणायला रानात जातात.

एखाद्या रानात विषाणू आहे का, हे पाहायला पांढरे कापड पाचोळ्यावरून ओढत नेतात. कापडाला चिकटलेले गोचीड चिमट्याने वेचून कुपीत भरतात, मग प्रयोगशाळेत जाती, वाढीची अवस्था आणि ठिकाण यांप्रमाणे वेगळे करतात. राईच्या दाण्याहून लहान अशा एका पिल्लाची वेगळी चाचणी करणे परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही, म्हणून एका जातीची, एका ठिकाणची पिल्ले गटाने कुटून त्यांची एकच आरटी-पीसीआर करतात. गट पॉझिटिव्ह आला तरी इथे दुसरी फेरी होत नाही. कोणता गोचीड बाधित होता याला महत्त्व नसते. किती टक्के बाधित आहेत एवढेच हवे असते, आणि ते गटांच्या निकालावरूनच काढता येते. समजा, २५-२५ पिल्लांच्या २० गटांपैकी ४ पॉझिटिव्ह आले. प्रत्येक पॉझिटिव्ह गटात एकच बाधित पिल्लू धरले तर ५०० मध्ये ४, म्हणजे ०.८ टक्के. हा अंदाज किमान आहे, कारण एखाद्या गटात दोन बाधित असू शकतात. उलट बाजूने पाहिले तर ८० टक्के गट निगेटिव्ह आहेत. २५ ची २५ निरोगी असण्याची शक्यता ०.८ असेल तर एक पिल्लू निरोगी असण्याची शक्यता ०.८ चे २५ वे मूळ, सुमारे ०.९९१. म्हणजे बाधित ०.८९ टक्के. दोन आकड्यांतले हे अंतर रोग विरळ असताना नगण्य असते, पण पॉझिटिव्ह गट वाढले की रुंदावते, आणि सगळेच गट पॉझिटिव्ह आले तर प्रमाण काढताच येत नाही. तेव्हा पुढच्या खेपेला गट लहान करावे लागतात.